बांधाचा नारळ

आश्विन लागला की खाडीचं पाणी निवळायला लागतं. पावसाळाभर चहाच्या रंगाचं असलेलं पाणी हिरवट होतं, तिवरांच्या पानांवर चढलेला चिखल वाळून पांढरा पडतो आणि पौर्णिमेच्या आसपास भर दुपारी उधाणाची भरती आमच्या उलव्याच्या विसर्जन घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत येते. सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून मी हे बघत बसतो. या उंचीवर पूर्वी फक्त घारी असायच्या. आता मी असतो, आणि माझ्याही वरून विमानं जातात.

लोकांना हे दिवस आवडतात. हवा हलकी होते, ऊन सोनेरी होतं, सोसायटीत कोजागिरीच्या दुधाची बोलणी सुरू होतात. मला मात्र या दिवसांत कशाचाच भरवसा वाटत नाही. पाणी शांत दिसलं की वाटतं, खालून काहीतरी चाललंय. कुणी गोड बोललं की वाटतं, याला काय कळलंय? दारावरची बेल वाजली की मी आधी कान देतो आणि मग उठतो. भरत, माझा मुलगा, म्हणतो, "बाबा, तुमचा स्वभावच संशयी. नोकरीनं केलंय तुम्हाला असं." मी त्याला तसं समजू देतो. न्हावा शेव्याला बंदराच्या गेटवर माझी सगळी नोकरी गेली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरचं सील हात लावून बघायचं, नंबर जुळतोय का ते बघायचं, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचं. सील शाबूत असेल तर आत काय आहे हे विचारायचं काम आमचं नव्हतं. सगळ्या आयुष्यात मला हा एकच नियम मनापासून पटला होता.

पण संशय नोकरीतून आलेला नाही. तो त्याआधीचा आहे, आणि तो याच ऋतूत आला.

आमच्या सोसायटीच्या गेटजवळ एक बाक आहे. संध्याकाळी तिथं आमच्या जुन्या गावातली माणसं जमतात. गाव आता नाही. जिथं होतं तिथं धावपट्टी आहे, आणि आम्ही सगळे इकडे नव्या जागेवर. बाकावर बसलं की एकच खेळ चालतो. नसतं तर काय झालं असतं.

"मी तो प्लॉट तवा इकला नसता ना," बाळाराम सुरू करतो, "तर आज ह्या अख्ख्या टॉवरचा मालक मी असतो. तुमी सगले माजे भाडेकरू."

"मग भाडं थकवलं असतं तुजं," कुणीतरी म्हणतं, आणि सगळे हसतात.

मग कुणाचा भाऊ शिकला असता, कुणाची शेती असती, कुणी आमदार झाला असता. मी ऐकत असतो. वर्षानुवर्षं ऐकून माझ्या एक लक्षात आलंय. या खेळात प्रत्येकजण स्वतःला चांगल्या घरात बसवतो. 'मी तेव्हा गप्प बसलो नसतो तर' असं कुणी म्हणत नाही. शिवाय प्रत्येक खेळाला एक गुन्हेगार लागतो. आमच्या बाकावरचा गुन्हेगार ठरलेला आहे. बोलणं कुठूनही निघो, शेवटी बाळाराम मांडीवर थाप मारून म्हणतोच, "त्या पोशानं उघाडी उघडी ठेवली नसती ना, तर गाव असा फुकट गेला नसता."

सगळे माना हलवतात. मीही हलवतो.

ज्यांनी ती शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची भातशेती खाडीपेक्षा खालच्या पातळीवर होती. मध्ये मातीचा बांध. त्या बांधामुळेच गाव जेवायचं. बांधाच्या पोटातून एक लाकडी दरवाजा होता, त्याला आम्ही उघाडी म्हणायचो. तिची झडप खाडीच्या बाजूला लटकलेली. भरती आली की पाण्याच्या जोरानंच ती घट्ट मिटायची. ओहोटीला, आमच्या बोलीत सुकतीला, आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं. किल्ली नाही, कुलूप नाही. फक्त एका घरानं तिच्यावर लक्ष ठेवायचं. ते घर पोशाचं. त्याच्या आज्यापासून ते काम त्यांच्याकडे होतं आणि त्या कामाचा मानही. नारळी पौर्णिमेचा नारळ साऱ्या किनाऱ्यावर वाहतात. आमच्या गावात कोजागिरीला, भात कापायच्या आधीच्या शेवटच्या मोठ्या उधाणाला, आणखी एक नारळ असायचा. भर दुपारी, उघाडीवर उभं राहून. त्याला म्हणायचे बांधाचा नारळ. तो पोशाच्या घरच्या हातूनच पाण्यात जायचा.

गाव उठलं, बांध गेला, उघाडी भरावाखाली गेली, तरी आम्ही तो नारळ सोडलेला नाही. आता घाटाच्या पायरीवरून सोडतो. आणि कितीतरी वर्षं तो माझ्या हातून जातो.

यंदा हे सगळं उकरलं ते माझ्या नातीनं. सायली आर्किटेक्चर शिकते. तिच्या कॉलेजात त्यांना कसलासा प्रकल्प करायचा होता: एखाद्या जागेचा इतिहास एका ठिकाणी मोडायचा आणि तिथून दुसरीकडे वळवून दाखवायचा. तिनं आमचं गाव घेतलं. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर पुठ्ठा, थर्माकोल आणि फेविकॉलचा वास होता. हळूहळू टेबलावर गाव उगवलं. बांध, तिवरं, मिठागरांचे चौकोन. कधी नव्हतीच अशी एक शाळा, भातगिरणी, खाडीवर बोटींचा धक्का. धावपट्टी कुठंच नाही.

"हे जे गाव होऊ शकलं असतं ते," ती म्हणाली. "आजोबा, तुमचं घर ओळखा."

मी ओळखलं. शेजारचं पोशाचंही ओळखलं. माझ्या घरावर तिनं कौलं घातली होती, पोशाचं घर नुसतं पांढऱ्या पुठ्ठ्याचं.

"त्याचं तसंच का?"

"तेच तर टर्निंग पॉइंट आहे ना आजोबा. बाकावरच्या सगळ्या आजोबांनी सांगितलं. बांध फुटला, जमीन खारट झाली, पुढची दोन वर्षं भात आलं नाही. तेवढ्यात जमीन घ्यायला सरकारची माणसं आली. खारट जमीन कोण धरून ठेवणार? लोकांनी सह्या केल्या. बांध फुटला नसता तर गाव अडून बसलं असतं." तिनं एक फलक माझ्यासमोर धरला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पोशाने उघाडी उघडी ठेवली नसती तर? "कोजागिरीच्या संध्याकाळी समाजमंदिरात लावणार. अख्खं गाव बघणार. तुम्ही तेव्हा तिथं होता ना? तुमचं पण एक वाक्य हवंय मला."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं, बंदराच्या गेटवर बघायचो तसं. हिला काही कळलंय का? कळलं नसेल तर 'तुम्ही तिथं होता ना' हे वाक्य इतकं सरळ कसं आलं? ती डिंकानं चिकटलेली बोटं एकमेकांवर घासत उभी होती. मी म्हटलं, "बघू."

आणि तिथून पुढे टेबलाशी बसून जेवणं मला जमेना. प्लेट घेऊन मी गॅलरीत जायला लागलो.

ते दिवस मला वासानं आठवतात. पिकायला आलेल्या भाताचा वास ताज्या दुधासारखा असतो. त्यात खाडीचा चिखल, वाळत घातलेली सुकट, चुलीतल्या तिवराच्या लाकडांचा धूर. मी विशीत होतो. माझं लग्न ठरायच्या बेतात होतं आणि कोजागिरीच्या संध्याकाळी मुलीकडचे घरी येणार होते. आमच्याकडे त्या पाहुण्यांसमोर जिताडा, खाडीतला मानाचा मासा, ठेवला नाही तर यजमानाची मान खाली. बाजारातला जिताडा नको, आपल्या पाण्यातला हवा. वडील सकाळपासून घरात येरझारा घालत होते. आई म्हणत होती, "मिलेल, मिलेल," पण तिचंही लक्ष दाराकडे.

आपल्या पाण्यातला जिताडा मिळवायची एक युक्ती गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच ती बोलून दाखवत नसे. भरती चढायला लागली की झडपेत दगड अडकवायचा. बोटभर फट राहिली तरी पाण्यापाठोपाठ मासा आत येतो. मग दगड काढायचा, झडप मिटते, आणि ओहोटीला आतल्या डोहात पागाचं जाळं टाकायचं. लहान भरतीला हे खपून जायचं. उधाणाला करायचं नाही. हे मला खुद्द पोशानं शिकवलं होतं, फट कशी ठेवायची तेही आणि कधी ठेवायची नाही तेही.

पोशा माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा. त्या दिवशी सकाळी तो आमच्या अंगणाशी आला, खांद्यावर तापलेलं पोर. मागं त्याची बायको चांगुणा, पदरानं पोराचं कपाळ पुसत.

"बाबू, पोराला पनवेलला दाखवाला चाल्लोय. नारलाच्या आधी येतो. तवर उघाडीवर डोला ठेव. आज पुनवेचं पानी हाय."

"तू जा," मी म्हटलं.

"नक्की ना? नायतर म्हाताऱ्याला बशिवतो."

"जा रे. मी हाय."

मी उघाडीवर गेलो. घरातून निघताना ओट्याखाली पडलेला फुटक्या वरवंट्याचा अर्धा तुकडा उचलला. आईचा वरवंटा होता तो, गुळगुळीत, एका टोकाला घासून निमुळता झालेला. फटीत चपखल बसेल असा. पाणी चढायला लागलं होतं. मला वाटलं, घटकाभरच ठेवायचा आहे.

पाणी आत यायला लागलं ते आधी बारीक आवाज करत. मग तो आवाज जाड झाला. फटीतून जोरात घुसणारं पाणी आतल्या बाजूची माती धुऊन न्यायला लागलं होतं. दगड काढायला मी वाकलो, तर झडप पाण्याच्या जोरानं त्याच्यावर अशी बसली होती की तो हलेना. मी दोन्ही हातांनी ओढला. लाथा मारल्या. मग उघाडीच्या बाजूचा बांधाचा एक घास कुणीतरी खावा तसा गेला. त्यानंतर दुसरा. मी मागं सरलो आणि ओरडलो. बांधाला खांड पडली की जे ओरडायचं असतं तेच ओरडलो, आणि अख्खं गाव घमेली, फावडी, पेंढ्याचे भारे घेऊन धावत आलं. बायका चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे देत होत्या. खाडी सगळ्यांच्या समोर भातात शिरली. उभं पिकलेलं भात आधी डोललं, मग नुसतीच टोकं दिसली.

पोशा परत आला तेव्हा ओहोटी लागली होती. पोर त्याच्या खांद्यावर झोपलं होतं. गाव गुडघाभर चिखलात उभं. पंचांनी तिथंच विचारलं, "उघाडी कुनाच्या जिवावर टाकून गेलतास?"

पोशानं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. फक्त बघितलं आणि म्हणाला, "बाबूला सांगून गेलतो."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या वडिलांच्या धोतरावर चिखल होता. पाहुणे संध्याकाळी येणार होते.

"काय रं बाबू? सांगून गेलता?"

मी म्हटलं, "नाय."

एवढंच. मग लोकांनी बाकीचं आपापलं जुळवून घेतलं. पोशानं जिताड्यासाठी झडप अडकवली, पनवेलचं निमित्त काढून पळाला, आता पोराच्या आड लपतो. त्याच्या घरची उघाडी काढून घेतली. नारळ आमच्या घरी आला. पाहुणेही आले. जिताडा नव्हता, तरी त्यांनी मुलगी दिली. गावावर संकट आलं असताना ज्या पोरानं पहिली हाक दिली, ते पोर चांगलंच असणार, असं सुमनचे वडील म्हणाले. पुढे सुमननं माझ्याशी चांगला संसार केला. ती गेली तरी तिला हे माहीत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटतं. तिचाही मला अधूनमधून संशय येतो. कोजागिरीला ती कधी जिताडा करायची नाही.

पाणी काढून टाकल्यावर जमीन वाळली आणि तिच्यावर मिठाची पांढरी खपली धरली. चालताना ती पापडासारखी मोडायची. पुढच्या आश्विनात तिथं काही पिकलं नाही, म्हणून ओल्या भाताचा तो वास माझ्यासाठी तिथंच थांबला.

त्यानंतरचं सगळं आयुष्य मीही मनातल्या मनात तोच खेळ खेळत आलो. दगड निघाला असता तर. मी 'हो' म्हटलं असतं तर. सुमनचं लग्न दुसऱ्या कुणाशी झालं असतं. भरत नसता. सायली नसती, आणि टेबलावरचं ते पुठ्ठ्याचं गाव करायला कुणी नसतं. ज्या इतिहासात ती मला घेऊन चालली होती, त्यात ती स्वतःच नव्हती. हे तिला सांगू कसं? आणि खरं सांगायचं तर या विचाराचाही मला संशय येतो. नातीला पुढं करून मीच लपतोय की काय?

पोशानं पुढे उरणच्या मिठागरांवर काम केलं. त्याचं ते तापलेलं पोर, रमेश, मोठा होऊन ट्रेलर चालवायला लागला. त्याचा ट्रेलर बंदराच्या गेटवर यायचा तेव्हा मी सील दोनदा बघायचो. तो खिडकीतून डोकं काढून हसायचा. "काय काका, सगल्यांना सोडता, माज्यावरच डाऊट?" मी म्हणायचो, नियम आहे. माझ्याच हातून ज्याचं नुकसान झालं त्याच्यावरच मी संशय घेत होतो, आणि घेताना बरं वाटत होतं. त्याच्या कंटेनरमध्ये कधीतरी काही सापडावं असंही मला वाटायचं. हे लिहायला जड जातंय, पण आता गाळायचं नाही असं ठरवलंय.

पोशा गेला. त्याच्या दिवसांना मी गेलो नाही. चांगुणावहिनी रमेशकडे राहते, आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. देवळात, बाजारात भेटली की एकच म्हणायची, "बाबू, एकदा घरला ये." इतकी वर्षं. मला कळायचं नाही, ही का बोलावते? चहाला माणूस एवढ्यांदा बोलावत नाही. मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढायचो.

फलक दाखवल्यानंतर काही दिवसांनी सायली म्हणाली, "पोशा आजोबांच्या घरी पण जाऊन आले मी. त्यांची पण बाजू घ्यायला पाहिजे ना. आजी काही बोललीच नाही. म्हणाली, 'तुज्या आज्याला पाठव.'"

कोजागिरीच्या सकाळी मी गेलो. लिफ्ट बंद होती. जिना चढलो. खाडीकडचा वारा त्या इमारतीत सरळ घुसतो, जिन्यात दारं आपटत होती. एकच दार उघडं होतं, आपटत नव्हतं. त्याच्या आणि चौकटीच्या मध्ये एक काळा दगड अडकवलेला होता. एका टोकाला घासून निमुळता झालेला. फुटक्या वरवंट्याचा अर्धा तुकडा.

मी उंबऱ्याशी उभा राहिलो.

"वाट चुकला का काय रं?" आतून आवाज आला. वहिनी जमिनीवर बसून मेथी निवडत होती. "ये. त्याला वलांडून ये, लाथ नको मारू."

माझ्या तोंडून निघालं, "हा कुठं मिळाला?"

"त्यांना मिलाला. बांध परत बांधला ना, तवा चिखलात. घरी आनला. मना दाखवला. तुज्या आयचा वरवंटा गावात कोन वलखत नव्हतं? फुटला तवा रडलीवती ती." तिनं काडी मोडली. "मसाला वाटला मी त्यानं. हितं मिक्सर आला, मग दाराला ठेवला."

"मग पोशा बोलला का नाही?"

"मी रोज बोलायची, चला, पंचांकडं चला. ते बोलले, 'आज त्यानं ठेवला, आधी मी ठेवलेला, त्याच्याआधी म्हाताऱ्यानं. त्याचं लगीन हाय. ऱ्हाव दे.'" तिनं मान वर केली. "ते होते तसे. मी नाय तशी. मी माफ नाय केला तुना. तू आलास का बगशील, म्हनून दगड दारात ठेवला. तर तू आलासच नाय."

मी खाली बसलो. मनात सगळी वर्षं घोकून ठेवलेलं तेच बोललो. "वहिनी, त्या दिवशी मी तो दगड ठेवला नसता तर गाव आज..."

"गाव?" ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "तुमी मानसं बाकड्यावर बसून हेच करता ना? अरे, जितं बांध नव्हता फुटला ती गावं तरी ऱ्हायली का? सरकारला जागा पाह्यजे होती, ती त्यांनी घेतलीच असती. जिताड्यापायी इमानतल येतो काय?" मेथीची जुडी तिनं बाजूला ठेवली. "गाव नसता वाचला. पन माजा पोर शालेत जायचा तवा पोरं त्याना 'फुटका बांध' बोलायची, तेवडं नसतं झालं. माजे सासऱ्यानं नारल आमचे हातात दिलेला, तो तुज्या हातात नसता गेला. एवडंच बदललं असतं. जास्त नाय."

मी एवढी वर्षं धावपट्टी माझ्या माथ्यावर घेऊन फिरत होतो. ती तिनं मेथीच्या देठांबरोबर बाजूला टाकली आणि खरं ओझं तेवढं माझ्यासमोर ठेवलं. धावपट्टीएवढा अपराध वागवणं एका अर्थी सोपं होतं. एवढ्या मोठ्या अपराधाची कुणी माफी मागत नाही. त्यात उगाच मोठेपणाही वाटतो. हा अपराध मात्र एका पोराएवढा होता.

"काय करू?" मी विचारलं.

"आज पुनव हाय. नारल कंदी सोडता?"

"साडेबाराला."

"मना घेऊन चल. आनि आधी सांग सगल्यांना. मग नारल."

घाटावर नेहमीची माणसं होती. बाळाराम, देवळाचे पुजारी, बायका, ढोल घेतलेली मंडळाची मुलं. सायलीही होती, मोबाईल धरून, टेबलावरच्या गावाला लावायला फोटो काढायचा म्हणून. मी नारळ हातात घेतला आणि बोललो. आवाज बारीक निघाला. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा वरून विमान गेलं.

"काय बोलतंय हा?" बाळाराम म्हणाला.

"झडपेत दगड मी ठेवला होता. पोशा मला सांगून गेला होता. मी नाही म्हणालो, ते खोटं बोललो."

ढोलवाल्या मुलांना काही कळलं नाही. म्हाताऱ्यांना कळलं. बाळारामनं हात मांडीवर नेला, पण थाप मारली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "आता कशाला उकरताव हे?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "त्याच्या मनात काय तरी असंल." माझ्यावरचा हा पहिलाच संशय. मला तो रास्त वाटला.

सायलीनं मोबाईल खाली केला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मनात काहीतरी मागे-पुढे लावत होती. मला वाटतं, ती त्याच संध्याकाळी ठरलेल्या तिच्या आजीच्या लग्नापाशी पोचली असावी. मी मान वळवली.

नारळ वहिनीच्या हातात दिला. "बाईनं सोडायचा?" पुजारी पुटपुटले. वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. एक पायरी उतरली, पाण्याला हात लावला, कपाळाला लावला आणि नारळ सोडला.

तो थोडा पुढे गेला. हिंदकळला. मग सावकाश फिरला आणि परत येऊन आमच्या पायरीला टेकला.

मी मान खाली घातली. मला वाटलं, झालं. घेतला नाही. माझा हात लागला होता म्हणून खाडीनं घेतला नाही. मागं कुजबुज सुरू झाली. बाळारामचा पोरगा तो ढकलायला काठी शोधायला लागला.

"ठेव ती काठी," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आनि तू काय तोंड पाडून बसलास? भरती हाय अजून. पानी आत येतंय, नारल भायेर कसा जाईल? जन्मभर गेटवर बसलास नि एवडं कललं नाय तुला?"

दोन-चार माणसं हसली. सायलीही हसली. नंतर तिनं डोळे पुसले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बस."

ती पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी, एक हात अंतर ठेवून बसलो. लोक थोडा वेळ उभे राहिले, मग कंटाळून एकेक जण दुधाच्या तयारीला गेले. सायली समाजमंदिराकडे निघाली. फलक तिथं भिंतीला टेकवून ठेवलेला होता. काय लिहायचं ते तिला आता ठाऊक होतं.

नारळ पायरीला येऊन आदळत राहिला, पुन्हा पुन्हा, हलकेच. ऊन कलायला लागलं होतं. पाण्याचा ओला काठ एका पायरीवर येऊन थांबला. मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. खाडी आता खरंच थांबली आहे की मला नुसतं तसं वाटतंय, हे कळत नव्हतं.

"बगू नको इतकं," वहिनी म्हणाली. "सुकती लागली का जाईल तो."